ओठ सोडून गेलेला लाल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा खोकला थांबला का? आम्ही सगळे ठणठणीत आहोत. फक्त माझं डोकं चक्रावलंय, म्हणून हा पत्रप्रपंच.

गेल्या आठवड्यात दोन मुली घरी आल्या. (एकीचे केस निळे. आमची ही तिच्याकडे बघत राहिली नि चहा बशीत सांडला.) त्या लहान मुलांची कार्टून बनवतात. मी चित्रं काढायचो त्या मासिकाचा जुना अंक पुढे धरून निळीने सशावर बोट ठेवलं, "काका, आम्हाला अस्सं हवंय!" ताई, त्या सशाचा लाल रंग ओठ सोडून गालावर गेलेला! छापखान्यात प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा; लालचा सरकला की तसं व्हायचं. त्यापायी मी मशीनवाल्याशी जन्मभर भांडलो, शेवटी बोलणंच टाकलं. आणि ही म्हणते, "कित्ती गोड!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसात जाऊन ससा काढला. केसन् केस जागच्या जागी. सगळ्यांचे चेहरे असे पडले, जणू ससा गेला. निळी हळूच म्हणाली, "छान आहे, पण फार स्वच्छ वाटतोय." दुसरीने तो कॉम्प्युटरवर घेऊन कुठलंसं बटण दाबलं, तर पडद्यावरचा कागद पिवळा पडला आणि लाल सरकला. मी सवयीने ओरडलो, "अगं, ठसा हलला!" तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हसावं की रडावं, कळेना.

घरी येऊन मशीनवाल्याला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे माझं बरोबर होतं."

"नाही, चूक तुझीच होती. आता तीच हवी आहे."

 तो म्हणाला, "रविवारी चहाला येऊ का?" मी ये म्हटलं. (राग कुठे गेला, शोधूनही सापडेना.)

काल पुन्हा ससा काढला. लाल थेट कानामागे गेला. निळीच्या डोळ्यांत पाणी आलं! अख्खी मालिका मला दिली.

तुझा गोंधळलेला,
धाकटा

ता. क. हे कसं जमलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साधना.

ता. ता. क. पहिला ससा भिंगातून बघून काढला होता. काल भिंग घरी राहिलं. लाल कुठे संपतो ते मला दिसतच नाही. तुझ्या डॉक्टर लेकाने माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवलंय, ते मालिका संपेपर्यंत पुढे ढकलायला सांग. खरं कारण सांगू नकोस. मामा घाबरला म्हण; त्याला लगेच पटेल.