मितेशला गावाची हरकत नाही

मोहने,
रविवार संध्याकाळ

चि. मितेश यास,

दामाजीकाकाचे तुझ्या डोक्यावर, डाव्या खांद्यावर आणि विशेषतः उजव्या गुडघ्यावर अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. जनावहिनीचं, म्हणजे तुझ्या मातोश्रींचं, ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या मते थोडं जास्त आणि तिच्या मते त्यांचं मशीनच बिघडलेलं आहे. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग. फोनवर तू 'मस्त आहे काका' म्हणतोस आणि मागून बर्फाच्या पिशवीचा आवाज येतो. त्या फोनला कंटाळूनच हे पत्र लिहितोय. माझं दुसरं वाक्य सुरू झालं की तुझं 'चला, ठेवतो' येतं, आणि मी पडलो माईकवरचा माणूस. गावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांचं समालोचन करण्यात माझी हयात गेली. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात मी फलंदाजाच्या आजोबांपर्यंत जाऊन येतो. माझं दोन मिनिटांत काय उरकणार?

तर गेल्या आठवड्यात तू म्हणालास, "काका, आता बस झालं. घरी येतो, तिकडेच नोकरी बघतो. आईपण एकटीच असते." पूर्वेकडच्या त्या डोंगराळ राज्याने पुढच्या मोसमासाठी बाहेरचा खेळाडू म्हणून तुला बोलावलंय, आणि तू नाही म्हणायच्या बेतात आहेस. अरे, वय बत्तीस, भारताकडून दोन सामने खेळलेला डावखुरा फिरकी गोलंदाज तू! (पहिला सामना पावसात गेला हे कबूल, पण टोपी मिळालीच ना? आणि दुसऱ्यात समोरच्या संघाच्या कप्तानाला तूच बाद केलंस. झेल सीमारेषेवर घेतला म्हणून लोक हसतात. हसू देत. स्कोअरकार्डात झेल किती लांब गेला होता ते लिहीत नाहीत.) डिसेंबरपासून मुंबईच्या संघाबरोबर तू नुसतं पाणी घेऊन धावलास, हे मला माहीत आहे. पण पाण्याच्या बाटल्या ठेवून घरी यायचं, हा काही निवृत्तीचा प्रकार नव्हे. मला ते फार लागलं, म्हणून लिहितोय.

तुझी भारतासाठी निवड झाली तेव्हा नाक्यावर जो फ्लेक्स लागला होता, त्याची तू कधी चौकशी केली नाहीस. मधोमध तू आणि चारी बाजूंना शुभेच्छुकांचे तुझ्याहून मोठे फोटो (माझा खालून दुसरा, गॉगलवाला). उतरवल्यावर तो शेजारच्या रतनने कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला. इतके पावसाळे गेले, शुभेच्छुक सगळे उडाले, तू तेवढा शिल्लक आहेस. वहिनी सकाळी मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघते तेव्हा खुराड्यापाशी थांबून पदराने तुझं तोंड पुसते. मी एकदा म्हटलं, वहिनी, कोंबड्या उद्या परत घाण करणार. तर म्हणाली, "मंग उद्या परत पुसीन."

आता मुख्य घोटाळा. परवा गावच्या स्पर्धेत दोन सामन्यांच्या मध्ये माईक चालू होता आणि माझ्या पोटात काही राहत नाही. मी जाहीर करून टाकलं की आपल्या मितेशला दुसऱ्या राज्याने बोलावलंय. टाळ्यांसाठी थांबलो, तर मैदानात सगळे गप्प. आपला नियम तुला ठाऊक आहे : एक गाव, एक संघ. जो ज्या गावचा, त्याने त्याच गावाकडून खेळायचं. दुसरीकडे गेला की बाद. चांगदेव (तोच, मावशीच्या गावाकडून खेळला म्हणून ज्याला दोन मोसम दोरीबाहेर बसवलं होतं) ताडकन उठला. "मना येक न्याय नि त्याला येक?"

संध्याकाळी देवळात बैठक बसली. मी समजावलं की बाबांनो, हे रणजी आहे, इथे मुंबईच्या असोसिएशनने ना-हरकत दाखला दिला की झालं. हे बोलायला नको होतं. लगेच सगळ्यांचं एकमत झालं की मुंबई दाखला देणार असेल तर गावानेही दिला पाहिजे, कारण मितेश आधी गावचा आणि मग मुंबईचा. मग द्यावा की नाही, यावर खल. कोणी म्हणालं, आजोळकडून खेळलेलं चालतं. पण तुझं आजोळ पडलं शहाडला, ते डोंगरात कसं न्यायचं? शेवटी रतनने तोड काढली. घरजावयाला नियमात सूट आहे, तो सासरच्या गावाकडून खेळू शकतो. तेव्हा मितेशचं लग्न तिकडेच लावून द्यावं! बैठकीला एकदम रंग चढला. हळद इकडे की तिकडे, बँजो इथूनच न्यायचा का, त्या डोंगरात ताजी कोळंबी मिळते का, यावर तासभर वाद. नवरी कोण, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

क्रिकेटच्या बैठकीला बायका येत नाहीत. पण वहिनी येऊन दाराशी उभी राहिली होती, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. ती म्हणाली, "लगीन त्याचा तो बघंल. त्याला जाऊ द्या. तो खेलला नाय का जेवत नाय, मना म्हायती हाय. आनी मी येकटी कशी? तुमी सगली हाव ना हितं?" ('खेलला नाय' ऐकून मी चपापलो. का, ते पुढे येईल.) मग दाखल्याच्या बाजूने पहिला हात वर केला तो चांगदेवने. दोन मोसम दोरीबाहेरून खेळ बघितलेला माणूस तो, बाहेर बसणं काय असतं ते त्याच्याइतकं आमच्यात कोणाला ठाऊक? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते धुपावर ढकललं.

तेव्हा आई एकटी असते, ही तुझी सबब बाद. त्या डोंगरवाल्यांना हो म्हणून कळव. तू भारतीय संघात परत यावंस अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. या वयात ते कठीण आहे, एवढं मलाही कळतं. तू नुसता खेळ. तू खेळताना आम्हाला फार बरं वाटतं रे.

तुझा गॉगलवाला शुभेच्छुक आणि सख्खा काका,
दामाजी

ता. क. गावाचा दाखला सोबत पाठवतोय. खाली अट आहे ती वाच : पुढच्या वर्षी गावच्या स्पर्धेला यायचं आणि चांगदेवच्या कप्तानीखाली खेळायचं.

ता. क. २ अपेक्षा नाही म्हटलं ते खरंच आहे. फक्त 'भारतीय संघातील पुनरागमनाबद्दल हार्दिक अभिनंदन' हा मजकूर फ्लेक्सवाल्याकडे देऊन ठेवलाय, आणि रतनला बजावलंय की या वेळी खुराड्यावर पत्रा घाल.

ता. क. ३ बैठकीत मी चपापलो का, ते लिहायचं टाळत होतो. तुझे सामने टीव्हीवर दाखवत नाहीत आणि फोनवरचं इंग्रजी स्कोअरकार्ड वहिनीला वाचता येत नाही. म्हणून सामना असला की संध्याकाळी मी अंगणात बसून, फोन बघत, तिला समालोचन ऐकवतो. डिसेंबरपासून अकरा जणांत तुझं नाव नाही, हे सांगायला जीभ रेटेना. त्यामुळे माझ्याकडे तू खेळतोच आहेस. विकेटा काढतोस, मधूनच एखादा झेल सोडतोस (खरं वाटावं म्हणून). काल मी सुरुवात केली, तर ती हळूच म्हणाली, "भावजी, आज त्याला जरा बसवा. रोज रोज इकेटी घेऊन दमला असंल पोर. फोनवर 'जेवलो' कसा म्हनतो, त्याच्यावरनंच मना समजतं खेललाय का नाय ते." म्हणजे तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, आणि तरी ती रोज खुर्ची ओढून ऐकायला बसत होती. मी फोन खिशात घातला. तेव्हा तीच म्हणाली, "बरं, येक ओवर टाकू द्या त्याला."

ती मी टाकली. पुढची तू टाक.