चिकवीडचा ठिपका नळाकडे सरकवण्याबाबत

दिनांक : १९ जानेवारी २०२५

प्रति,
मा. अभिरक्षक,
वाळवलेल्या वनस्पतींचा नमुना संग्रह,
वनश्री संशोधन मंदिर, नागपूर.

विषय : आपल्या संगणकीय नकाशावरील रानटी चिकवीडची नोंद माझ्या आईच्या दारापुढून हलविण्याबाबत.
संदर्भ : ‘वनस्पती नष्ट का केली’ असा खुलासा मागणारे आपले पत्र.

महोदय,

मी, ऋषिकेश चंपतराव वैरागडे, राहणार महाल, सविनय कळवितो की, आपल्या संग्रहात चिकवीड नावाच्या रानटी तणाचे जुने नमुने आहेत. ते कोठून आणले त्या रकान्यात सर्वांवर फक्त ‘नागपूर’ एवढेच लिहिलेले आहे. नोंदी संगणकात चढविताना आपल्या कार्यालयाने शहराचा मध्यबिंदू काढला व सगळे नमुने त्यावर टाकले. तो बिंदू माझ्या अंगणात, आई श्रीमती मनकर्णा हिच्या खोलीपुढे पडतो. याबद्दल माझी तक्रार नाही. शहराचा मध्य कोणाच्या तरी दारात पडणारच.

तेव्हापासून दर हिवाळ्यात आपले संशोधक ते तण शोधावयास येतात व मला हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी बुडवून हजर राहावे लागते. त्यांनी रांजणाखालची मातीही उकरली. आईने ‘काहून उकरून राहिले गा माह्यं आंगण?’ असे विचारले असता त्यांनी ‘जैवविविधता’ असे उत्तर दिले. तण मिळाले नाही, म्हणून ते मी नष्ट केले असे आपण धरले आहे. जे कधी नव्हतेच ते कसे नष्ट केले, याचा खुलासा करण्यास मी असमर्थ आहे.

खरी अडचण पुढे आहे. आमचा संडास अंगणाच्या पार टोकाला आहे. गेल्या पावसाळ्यात तिकडे जाताना आई घसरली व खुब्याचे हाड मोडले. तिच्या खोलीला लागून संडास बांधण्याची परवानगी महापालिकेकडे मागितली, तर जागेवर दुर्मिळ वनस्पतीची नोंद असल्याने आपला नाहरकत दाखला आणा, असे सांगण्यात आले. तूर्त मी तिला उचलून नेतो. मी पाळीवर असलो की जावे लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. महोदय, हे मला बघवत नाही.

नोंद रद्द करावी असा अर्ज मी लिहून ठेवला होता. तथापि परिस्थिती बदलली आहे. नळावर पाय धुतल्याखेरीज आई कोणालाही घरात घेत नाही. आपले संशोधक पारशिवनीकडच्या ओलिताच्या वावरात हेच तण पाहून थेट आमच्याकडे आले व चिखलाचे पाय आमच्या नळावर धुतले. आता नळाच्या नालीकाठी बारीक पांढऱ्या फुलांचे तण उगवले आहे. आपल्याच संशोधिका कु. अश्लेषा यांनी ते चिकवीड असल्याचे सांगितले. म्हणजे आपली नोंद खरी झाली आहे, फक्त अंगणाची बाजू चुकली आहे.

सबब विनंती की, ठिपका उचलून नळाजवळ ठेवावा व मोकळ्या झालेल्या जागेवर संडासास नाहरकत द्यावी. तणाच्या जिवास आमच्याकडून धोका नाही, हे लिहून देतो. आई ते उपटू देत नाही. ‘इतके लोकं त्याच्यासाठी येऊन गेले, आता आलंच तं राहू दे त्याले,’ असे तिचे म्हणणे आहे. पाळीवर जाताना मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवतो. तो ती शेजारच्या सिंधूताईंच्या हाती देते व तणाला घालायला लावते.

आपल्या दाखल्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
ऋषिकेश चंपतराव वैरागडे

सोबत :
१. अंगणाचा हाताने काढलेला नकाशा
२. आईच्या खुब्याचा एक्स-रे
३. तणाचे छायाचित्र (नमुना जोडता आला नाही, क्षमस्व)