एक हात बांगडा

तीर्थस्वरूप ओगिमताईस,

धाकट्या ग्योंगतेचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. पत्राला बसण्याआधी मोकपोच्या दिशेला तोंड करून मी खरोखरच कपाळ जमिनीला टेकवलं, आणि तिथंच कंबर धरली. आता पालथा पडून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर ते तुझ्याविषयीच्या आदरापायी आलं असं समज. तुझे गुडघे कसे आहेत? शेजारणीशी बोलणं सुरू झालं का? (नसेल झालं तर घाई करू नकोस, तुला शांतता मानवते.) तुझा मुलगा चांगू सोलला गेल्यापासून मागची खोली रिकामी असते असं तू मागं लिहिलं होतंस. तिची जमीन तापवणारी खालची चूल अधूनमधून पेटवत जा. न तापवलेल्या खोलीला बुरशी धरते. माझं काही मागणं नाही बरं का, सहज आठवलं.

इथलं विचारशील तर सगळा आनंदच आहे. बोट एक दिवसाआड येते. तिच्यातून उतरत कोणी नाही, चढतात मात्र. फोन गावप्रमुखांच्या घरी आहे, पण मी बोलायला लागलो की त्यांची बायको लसूण सोलत शेजारी बसते आणि मी अडखळलो की पुढचं वाक्य सुचवते. म्हणून हे पत्र. शाळेचा पट तीनवर आलाय. दोघं म्हणजे गावप्रमुखांचे जुळे नातू, बोमसू आणि बोमगी. तिसरी दाल्ले, वय वर्षं सात. तिच्या बापाला समुद्रानं नेलं, आईनं बुसानला दुसरं घर केलं, आणि पोर राहिली आजीपाशी. ही आजी मूळची जेजू बेटावरची. सत्तरी गाठली तरी अजून खोल पाण्यात बुडी मारून शिंपले आणि ऑक्टोपस काढते, आणि माझ्याशी बोलते ते मीही एखाद्या खडकाला चिकटलोय आणि मला खरवडून काढायचंय अशा सुरात.

तर शिक्षण कार्यालयातून निरोप आला की मेंगसाहेब तपासणीला येणार. मुलांना निदान बेरीज येते असं दिसलं तर शाळा राहील, नाहीतर कुलूप. जुळ्यांची काळजी नव्हती, त्यांचा काका ग्वांगजूला मोटार बाळगून आहे. दाल्लेला मात्र इंचनचा एक लांबचा मामा न्यायला तयार आहे, फक्त तिला. म्हातारीला घरात घ्यायला त्याची बायको तयार नाही. म्हणजे त्या एका बेरजेवर काय काय टांगलेलं होतं ते तूच बघ, आणि ती शिकवणार कोण, तर मी, ज्याला लहानपणी तू चिमटे काढून पाढे पाठ करायला लावलेस.

पुस्तकात बेरजेला सफरचंदं आहेत. आता या बेटावर सफरचंद दिसतं ते फक्त पितरांच्या पूजेच्या ताटात, आणि ताटात फळं विषम संख्येनंच मांडतात. मी फळ्यावर तीन सफरचंदं काढून शेजारी एक काढलं, तर बोमगीनं आधी वाकून नमस्कार केला आणि मग उत्तर दिलं, पाच. का रे? तर म्हणे, “चार मांडत नाहीत मास्तर, पणजोबा रागावतात.” (मेलेले पणजोबा.) पितरांशी कोण वाद घालणार? सफरचंदं पुसली आणि ठरवलं, या मुलांना समुद्रातल्या जिवांवरच बेरीज शिकवायची. जे रोज बघतात ते मोजतील. ताई, आयुष्यात मला फार कल्पना सुचत नाहीत आणि सुचतात त्या अशा असतात.

तपासणीच्या दिवशी लाल रबरी घमेल्यात समुद्राचं पाणी भरून मधोमध ठेवलं. मेंगसाहेब बोट लागल्यामुळे पिवळेफटक होऊन भिंतीला टेकले होते. तीन खेकडे सोडले. मुलांनी खणखणीत मोजले. मग मी ऐटीत म्हणालो, आता यात एक ऑक्टोपस मिळवूया. मिळवला. इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं. पुढं मी साहेबांना बेरजेचं महत्त्व समजावत असताना ऑक्टोपसानं एका खेकड्याला मिठीत घेतलं. बोमसू ओरडला, “मास्तर, लवकर बेरीज करा, कमी व्हायला लागले!” साहेब क्षीण आवाजात म्हणाले, “ही तर वजाबाकी झाली.” मी म्हणालो, साहेब, पुढच्या इयत्तेचा अभ्यासही मी थोडा थोडा घेतो. ते हसले नाहीत. ऑक्टोपस मात्र घमेल्यातून निघाला आणि साहेबांच्या बुटांकडं चालू लागला. दाल्लेनं त्याला डोक्याशी पकडून, उलटा करून, परत घमेल्यात टाकलं आणि हात फ्रॉकला पुसले.

मग मी मेलेल्या माशांकडं वळलो, कारण ते एकमेकांना खात नाहीत. एका हातात मोठा बांगडा, दुसऱ्यात लहान, दोन्ही पोट चिरून साफ केलेले. दाल्लेला विचारलं, एक बांगडा आणि एक बांगडा मिळून किती? तिनं माझ्याकडं पाहिलं, उठली, लहान बांगडा माझ्या हातातून घेतला, मोठ्याच्या चिरलेल्या पोटात नीट खोचून बसवला आणि म्हणाली, “एक हात.” ताई, तू रोज बाजारात जातेस. मोठ्याच्या पोटात लहान, अशी विकायची जोडी म्हणजे एक हात, हे तुला काय सांगायचं? एकटा बांगडा मागितला तर कोळीण काय ऐकवते तेही तुला ठाऊक आहे. साहेबांनाही ठाऊक असणारच, त्यांच्याही घरी बांगडा एक हात असाच येत असेल. पण तपासणीत उत्तर दोन यायला हवं. मी खाकरलो, डोळे मिचकावले, पाठीमागून दोन बोटं दाखवली. पोर हलेना. शेवटी साहेबच वाकले आणि मऊ आवाजात म्हणाले, “बरं बाळ, मासे जाऊ दे. घरी कोण कोण असतं?”

“आजी आणि मी.”

“मग माणसं किती झाली?”

तिला त्यांची कीव आली असावी. “आत्ताच सांगितलं ना साहेब,” ती म्हणाली. “एक हात.”

साहेब सरळ उभे राहिले. मग मला व्हरांड्यात बोलावून त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. नवंकोरं कुलूप होतं. म्हणाले, “मास्तर, पोरीनं दोन सांगितलं असतं तरी हे आणलेलंच होतं. पुन्हा बोटीनं यायला नको म्हणून आजच ठेवून जातो. सत्र संपलं की लावा.” माणूस वाईट नव्हता, हेच वाईट झालं. वाईट असता तर मी ऑक्टोपस त्याच्यासोबत पाठवला असता. ते कुलूप सध्या मी किमचीच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलंय. किमची छान दबलीय.

संध्याकाळी दाल्लेची आजी आली. आधी मला फैलावर घेतलं, “एवढा शिकलेला माणूस आणि एक ऑक्टोपस सांभाळता येईना?” मग पायरीवर बसली, ओल्या केसांचं पाणी पिळत राहिली आणि म्हणाली, “पोरीला पाठवून द्या इंचनला. माझं काय, मी इथंच बरी.” उठताना तिला टोपली उचलता येईना, तीही रिकामी. मी उचलून दिली तर माझ्यावरच खेकसली. मला फार वाईट वाटलं, ताई. एवढं वाईट मला तुझा नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. (तो मला आवडत नसे, हे तुला माहीत आहे.)

असो. सगळं ठीक आहे, काळजी करू नये.

तुझा, कंबर धरलेला,
ग्योंगते

ता. क. सोबत वाळवलेलं समुद्री शेवाळ पाठवतोय. हे कशाच्या बदल्यात नाही. पण तुझ्या घरामागच्या गल्लीतच शाळा आहे ना? दाल्ले कमी खाते आणि ऑक्टोपस पकडते. तिला मागच्या खोलीत ठेवून घे. आणि आजीलाही. एक हात बांगडा फोडून कोणी देत नाही, आणि मागूही नये.

ता. क. दुसरा. म्हातारीला यातलं काही माहीत नाही. उपकार म्हटलं तर ती समुद्रात जाऊन बसेल आणि वर येणार नाही. म्हणून तूच तिला पत्र लिही की तुझे गुडघे गेलेत, अंगणातल्या किमचीच्या बरण्यांपर्यंत चालवत नाही, घरात कुणीतरी हवंय, आणि येताना नातीलाही घेऊन ये म्हणावं. शेजारणीचाही उल्लेख कर. अशा बाईशी दोघींनी मिळून भांडायला तिला आवडेल.

ता. क. तिसरा. पाकीट बोटीवर द्यायला गावप्रमुखांच्या बायकोकडं नेलं, तर तिनं ते उघडून वाचलं आणि म्हणाली, स्वतःचं का नाही लिहिलंत? तेव्हा लिहितो. मास्तरांची खोली शाळेतच आहे, त्यामुळे कुलूप लागलं की तीही आत जाते, आणि मला या वेळेस बदली नाही, घरीच बसायला सांगितलंय. एका हातात तिसरा बांगडा मावत नाही, एवढी बेरीज मलाही येते. खोलीत मला धरू नकोस. फक्त तुझ्या घराची ओसरी केवढी आहे, तेवढं कळव.