सोल्यूशनचं पिंप

३ फेब्रुवारी

ती. आत्यास ठमीचा सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. मला शिलाईवरून चिकटवणीच्या टेबलावर घेतलं. बुटाला तळ चिकटवायचं काम मुकादम सगळ्यांना देत नाहीत. दोन महिने झाले, माझा एकही जोड परत आलेला नाही.

एक बारीक कुरकुर आहे. दुपारनंतर डोकं जड होतं, बोटांना मुंग्या येतात. काल सदऱ्याचं बटण लागेना, शेवटी आईने लावलं. आई म्हणते अशक्तपणा, बाबा म्हणतात चष्मा लागलाय. तुला काय वाटतं?

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी ठमी

९ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

बोटांना चष्मा लावणारा माझा भाऊ जगात एकटाच असेल. वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढून मी काही डॉक्टर झाले नाही, पण कुणाला विचारायचं ते मला कळतं. त्याआधी दोन गोष्टी कळव. सुट्टीच्या दिवशी डोकं हलकं होतं का? आणि तू जे चिकटवतेस, त्याच्या डब्यावर काय लिहिलं आहे? अक्षर न् अक्षर उतरवून धाड. तोवर खिडकीजवळ बसत जा.

आत्या

१६ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

सुट्टीला डोकं अगदी स्वच्छ असतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुंग्या मात्र तशाच.

आमच्याकडे तळ चिकटवायचं सोल्यूशन बरणीत ओतून मिळतं, बरणीवर काहीच नसतं. कोठीवाल्याला पिंप दाखवायला सांगितलं, तर तो म्हणाला, तुला काय ते विकत घ्यायचंय का. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच मला कोठीत घेऊन गेला. पिंप भिंतीकडे तोंड करून होतं, दोघांनी मिळून फिरवलं. सोबतच्या कागदावर सगळं उतरवलंय. मधला मोठा शब्द हेक्झेन. आत्या, हे टेबल जाऊ नये एवढंच वाटतं.

ठमी

२२ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

कामगारांच्या आजारांचे एक डॉक्टर आमच्या कॉलेजात बसतात. कागद वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला. हेक्झेन या द्रवाची वाफ रोज श्वासातून आत गेली की हातापायांच्या नसा दुखावतात. वेळीच थांबलं तर हळूहळू भरून येतं, महिने लागतात. तू येऊन तपासून घे. तोंडाला फडकं बांधून उपयोग नाही, ते धूळ अडवतं, वाफ नाही. टेबलापाशीच वाफ बाहेर ओढणारा पंखा हवा, बरण्यांना झाकणं हवीत, आणि हा द्रव नसलेलं सोल्यूशनही मिळतं. विकणाऱ्याकडे मालाचं माहितीपत्रक मागा, त्यात धोके लिहिलेले असतात. भांडू नकोस. डॉक्टरांनी हे सगळं लिहून दिलंय, तो सोबतचा कागद मुकादमांपुढे ठेव.

आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

कागद मुकादमांपुढे ठेवला. ते रागावले. वीस वर्षं हाच वास घेतोय, म्हणाले, मला काय झालं? मी विचारलं, मग तुमच्या पायातली चप्पल चालता चालता निसटते ती का? ते स्टूल ओढून बसले आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. वयामुळे होतं असं ते घरी सांगत आले होते.

मालकांकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी विकणाऱ्याला तिथूनच फोन लावला. पत्रक आलं, नवं सोल्यूशन आलं, मागच्या आठवड्यात पंखाही बसला. नवं सोल्यूशन वाळायला वेळ घेतं, म्हणून सगळे मला शिव्या घालतात, पण हसत. डॉक्टरांनी तपासलं. माझं सुधारेल म्हणाले, मुकादमांना जास्त दिवस लागतील. टेबल माझंच आहे.

मुकादमांनी तुझा पत्ता मागून घेतला. कशाला ते सांगेनात.

ठमी

९ एप्रिल

आदरणीय बाईंना नमस्कार.

मी ठमीच्या कारखान्याचा मुकादम. पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी कपाटांना फवाऱ्याने रंग देतो. वर्षभर खोकतोय, सर्दी म्हणतो. त्याला मी फोन करून दोनच गोष्टी विचारल्या. सुट्टीला खोकला कमी होतो का, आणि डब्यावर काय लिहिलंय. पहिल्याला हो म्हणाला. दुसऱ्याचं उत्तर त्याच्या हस्ताक्षरात सोबत जोडलं आहे. डॉक्टरसाहेबांना दाखवाल का?

आपला,
मुकादम