बेचाळीस उत्तरपत्रिकांमधलं घड्याळ

तीर्थरूप मामांना,

आडवा पडून नमस्कार. (अक्षरशः आडवा. निकाल राखून ठेवल्यापासून मी अंथरूण सोडलेलं नाही.) तुमची मान कशी आहे? डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणजे तुम्ही आता जास्तच वाकत असाल. आई बरी आहे, माझं विचारू नका. फोन सोडून पत्र का, आणि तेही दुकानाच्या पत्त्यावर का, ते शेवटी कळेल. तोवर हातातलं घड्याळ खाली ठेवा.

मामा, आमच्या विद्यापीठात तुमची भलतीच चर्चा आहे. (घाबरू नका, नाव कुणाला माहीत नाही.) त्याचं असं झालं, हल्ली विद्यार्थी आपापल्या नोट्स एका वेबसाइटवर टाकतात. कुणीही टाकाव्यात, कुणीही उतरवून घ्याव्यात, आवडल्या तर तारे द्यावेत. मानसशास्त्रात सगळ्यांत जास्त तारे 'दहामिनिटं' या टोपणनावाने टाकलेल्या नोट्सना आहेत. भाषा सोपी, आणि प्रत्येक मुद्द्याला घरातलं उदाहरण. आत्मवंचना, म्हणजे माणूस स्वतःलाच कसा फसवतो, याचं उदाहरण असं: घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ उशीर होऊ नये म्हणून घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावतात. मग रोज त्याच्याकडे बघून म्हणतात, अजून दहा मिनिटं आहेत की, आणि आणखी एक चहा मागतात. गावाची घड्याळं वेळेवर आणणारा माणूस स्वतः दुकान उशिरा उघडतो! तुम्हालाच हे लिहितोय, माफ करा, पण उदाहरण चोख आहे.

परीक्षेत नेमका प्रश्न आला: आत्मवंचना स्पष्ट करा, स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्या. बेचाळीस जणांनी स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण म्हणून तुम्हालाच दिलं. (एकाने चहाची कॉफी केली. आता कुणाच्या बापाला कळणार नाही, असं वाटलं असावं त्याला.) तपासणाऱ्या बाईंनी म्हणे पहिल्या उत्तराला पूर्ण गुण दिले, दुसऱ्यापाशी चष्मा पुसला आणि नवव्यापाशी पेन खाली ठेवून विभागप्रमुखांना गाठलं. आता गुरुवारी अकराला चौकशी समिती बसणार आहे. मूळ नोट्स लिहिणाऱ्याने पुढे येऊन त्या आपल्याच आहेत हे पटवून दिलं तर त्याचा निकाल लगेच लागेल आणि बाकीच्यांना फेरपरीक्षा मिळेल. कुणीच पुढे आलं नाही तर सगळे नापास. आज सोमवार आहे.

तर मुद्दा असा. ते गृहस्थ माझे सख्खे मामा आहेत, हे बेचाळिसांत मी एकटाच पुराव्यानिशी सांगू शकतो. नोट्स माझ्याच आहेत असा अर्जही मी देऊन बसलोय. तुम्ही फक्त भिंतीवरचं ते घड्याळ घेऊन या आणि सांगा, हा माझा भाचा, हे माझं घड्याळ, आणि होय, मला उशीर होतो. एवढ्याने मी सुटेन.

तुमचा लाडका (निदान आजपर्यंत) भाचा

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात अडला. मघाशी एक गोष्ट गाळली. मूळ नोट्समध्ये 'माझे मामा' असं नव्हतं, 'आमचे यजमान' असं होतं. एक्केचाळीस जणांनी ते तसंच लिहिलं, त्यांत सतरा दाढीवाले आणि फुटबॉल संघाचा कप्तान. 'मामा' मी एकट्यानेच केलं, अक्कल चालवून. (समितीने यजमानांबद्दल विचारलं तर टोपणनावासारखं ते टोपणनातं आहे, असं ठोकून देणार होतो.) त्या एक्केचाळिसांत खरं लिहिणारी एकच होती. मामा, मामी दोन वर्षं बाहेरून परीक्षा देतेय. तुम्ही दुकानात गेलात की स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करते. फोन ती उचलते, म्हणून हे पत्र. काल तिला म्हटलं, पुढे ये. तर म्हणाली, "नापास झाले तरी चालेल रे, पण ह्यांना कळायला नको." पुढे शिकू का, असं तिने तुम्हाला तीनदा विचारलं होतं म्हणे. तिन्ही वेळा तुम्ही भिंग न काढता म्हणालात, बघू, वेळ आहे अजून. मी तिचीच मेहनत माझ्या नावावर खपवायला निघालो होतो, आणि मला त्याची लाज वाटते. अर्ज मागे घेतोय. फेरपरीक्षा मिळाली तर देईन.

आणखी ता. क. घड्याळ आणू नका. मामीला आणा. तुम्हाला कळलंय आणि तुम्ही रागावलेला नाहीत, हे तुमच्या तोंडून ऐकलं तरच ती येईल. समिती अकराला दार लावून घेते आणि तुमच्याकडची सातची बस चुकली तर पुढची दहाला आहे. गुरुवारी तेवढं भिंतीवरच्या घड्याळात जे वाजलेलं दिसेल, तेच खरं धरा.