गोव्याहून आणलेली खुशाली

आई,

घरात गोव्याला जायचं ठरलंय. दिवाळीची सुट्टी लागली की निघायचं, असं तुझ्या सुनेनं आणि नातीनं मिळून ठरवलं आणि मला नुसतं कळवलं. माजघरात ट्रंक उघडी पडलीय. सुनेला दशम्या टिकतील का याची काळजी, नातीला समुद्राची. नात मुलींच्या शाळेत जाते. तिनं जमिनीवर खडूनं मिरज, बेळगाव, लोंढा, मडगाव अशी ठाणी मांडून ठेवलीत आणि त्यावरून कुणाला चालू देत नाही. काल मला म्हणाली, "तात्या, तुमी आज्जीसंगं गेलता न्हवं? समुद्र कसा असतोय?" मी म्हटलं, "मोठा असतोय." आणि उठून दुकानावर आलो. सकाळचे गुळाचे सौदे आटोपले होते, हमाल भाकरीची फडकी सोडून जेवायला बसले होते. कुणी काही विचारायच्या आत गादीवर बसलो आणि हे लिहायला घेतलं.

आपण दोघं गेलो तेव्हाही घरात असंच ठरत होतं, फक्त ठरवणारी तू एकटी होतीस. त्या पावसाळ्यात तुझे गुडघे दुखायला लागले. आबा ओसरीवर पान लावत बसलेले असताना तू उंबऱ्याशी येऊन म्हणालीस, "वैद्य म्हनत्यात, खाऱ्या पान्यात बसायला पायजे." आबा म्हणाले, "मग घंगाळात मीठ टाक आनि बस." तू म्हणालीस, समुद्राचंच पाहिजे. चार दिवसांनी पुन्हा तेच. महाराजांच्या दरबारातली मंडळी हवापालटाला समुद्राकडं जातात हे तू कुठून तरी ऐकून आलीस, त्यावर आबा म्हणाले, "आपन काय सरदार लागून गेलोय?" तू वाद घालत नव्हतीस. भांडी घासताना, जोंधळा पाखडताना, तेवढं एक वाक्य टाकायचीस आणि कामाला लागायचीस. मला वाटायचं, आईला खरंच समुद्र बघायचाय. मलाही बघायचा होता. वीस वर्षांचा झालो होतो आणि रंकाळ्यापलीकडं मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी राहणारे मिरचीवाले चाचा आपल्या ओसरीला यायचे. ते पूर्वी बैलांवर मिरची आणि गूळ लादून घाट उतरायचे, गोव्यातून मीठ, सुकी मासळी, नारळ आणायचे. दम्यानं त्यांचा प्रवास दोन-तीन सालांमागं सुटला होता. तू त्यांना चहा द्यायचीस आणि समुद्राबद्दल विचारायचीस. "भाबी, काय सांगू तुमास्नी," चाचा म्हणायचे, "येतोय, जातोय, येतोय, जातोय. कटाळतच न्हाई." पाय ठेवला की पायाखालची वाळू निसटते म्हणाले. फिरंग्यांची पांढरीशुभ्र देवळं, खिडक्यांना काचेच्या जागी बसवलेले शिंपले, घरापुढं बसायला बांधलेले दगडी कट्टे, सगळं तू त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकलंस. त्याच बोलण्यात मध्येच तू आवाज उतरवून एक गोष्ट विचारायचीस आणि चाचाही आवाज उतरवून सांगायचे, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

कारण दादाचं नाव आपल्या घरात निघत नव्हतं. थोरला असून दादा दुकानात बसायचा नाही, त्याला फिरती आवडायची, म्हणून आबांनीच त्याला गूळ घेऊन चाचांबरोबर गोव्यात धाडला होता. तिथं मडगावात तो एका पाववाल्याच्या घरी उतरायला लागला आणि त्याच्या मुलीशी लग्न करायचं म्हणून एक दिवस सांगायला आला. तिचा धर्मही घेणार होता. न सांगता राहिला असता तर कदाचित इतकं झालं नसतं, पण तो सांगायला आला. आबा अंगणात हौदापाशी उभे आहेत. विचारतात, "पाव खाल्लास?" दादा म्हणतो, "खाल्ला." आबांनी घागर बुडवली आणि अंगातल्या कपड्यांसकट डोक्यावर ओतून घेतली. म्हणाले, "थोरला मेला माझा. त्याच्या नावानं आंघोळ केली." दादाला तुझ्या पाया पडायला आत यायचं होतं, तर आबा तसेच निथळत दारात आडवे उभे राहिले. तू चुलीपुढं बसलेली. तव्यावरची भाकरी काळी पडेपर्यंत तू ती उलथली नाहीस. त्याला पाच सालं उलटली होती.

एक दिवस जेवता जेवता आबाच म्हणाले, "जावा. धाकट्याला घिऊन जावा." जायच्या दिवशी त्यांनी गुऱ्हाळावरून स्वतः निवडून गुळाची एक ढेप आणली, पिवळीधमक. तू म्हणालीस, "दोघांस्नी एवढा कशाला?" ते म्हणाले, "असू दे. तिकडं चांगला मिळत न्हाई." तुम्ही दोघं एकमेकांकडं बघत नव्हता.

मिरजेला गाडी बदलायची होती. प्लेगाचे दिवस, डॉक्टरनं सगळ्यांना फलाटावर रांगेत उभं केलं, काखा चाचपल्या, जिभा बघितल्या. तू त्या परक्या माणसापुढं कशी उभी राहिलीस याचं मला तेव्हा नवल वाटलं. लोंढा सोडल्यावर डब्यात गर्दी ओसरली, बाहेर दाट रान सुरू झालं. मी खिडकीतून डोकं काढून बसलो होतो. तू माझा सदरा ओढलास. "आपन समुद्राला न्हाई चाललो," तू म्हणालीस. "थोरल्याकडं चाललोय. घरी बोलायचं न्हाई." मग पदराची गाठ सोडून सुपारी तोंडात टाकलीस, जणू काही विशेष सांगितलंच नव्हतं. पुढं डोंगरावरून दूध सांडावं तसं पाणी पडत होतं, सगळा डबा एका बाजूला झाला, लोक देवाचं नाव घ्यायला लागले. तू एकदा बघितलंस आणि मला विचारलंस, "त्याला एक पोर असंल का रं?" घाटाखालच्या नाक्यावर टोपीवाल्या फिरंगी शिपायानं आपलं गाठोडं सोडायला लावलं. त्यानं ढेप उचलून हुंगली, काहीतरी बोलला आणि परत दिली. तू ती पुन्हा धडप्यात बांधलीस, पहिल्यापेक्षा घट्ट.

मडगावात पाववाल्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. मोठ्या देवळाच्या मागची बोळ, भट्टीचा वास. ओसरीवर एक बाई मैदा चाळत होती. काळं नेसलेली. तिनं तुझ्याकडं बघितलं आणि चाळणी खाली ठेवली. आपण नाव-गाव काही सांगितलं नव्हतं. "मांय," ती म्हणाली, "भितर यात." तू आत गेली नाहीस. उभ्या उभ्या विचारलंस, "थोरला कुठं हाय?"

तिची भाषा तुला अर्धी कळायची, पण एवढं सांगायला भाषा फारशी लागत नाही. पावसात ताप आला होता, उतरला नाही. तिनं एका गाडीवानाबरोबर सांगावा धाडला होता. तो आपल्यापर्यंत आलाच नाही. किंवा कोल्हापुरात आला आणि आबांचा स्वभाव जाणणाऱ्या कुणीतरी तो गिळून टाकला. तू ओसरीच्या कट्ट्यावर बसलीस. रडशील म्हणून मी तुझ्याजवळ सरकलो. तू तिला विचारलंस, "जेवायचा का नीट?" तिला कळेना. तू हातानं घास करून दाखवलास. तेव्हा ती रडायला लागली आणि तू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस.

देवळाच्या आवारात तिनं आपल्याला त्याची जागा दाखवली. मातीचा उंचवटा, लाकडी क्रूस, त्यावर त्याचं नवं नाव फिरंगी अक्षरात. तुला मराठीही वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?" तू मला विचारलंस. मी म्हटलं, "दादाचं नाव." तू खाली बसून मातीवर हात ठेवलास, ती दाबून बघितलीस, झोपलेल्या पोराचं अंग गरम आहे का बघतात तसं. मग मागं वळून त्याच्या मुलीला जवळ बोलावलंस. दोन वर्षांची असेल. तिच्यासाठी तू ढेपेचा कोपरा दगडानं फोडलास आणि खडा तिच्या तोंडात घातलास. ती चोखत तुझ्या मांडीवर बसून राहिली. बाकीची ढेप तू वहिनीच्या हवाली केलीस.

समुद्र तिथून जवळ होता. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "गाडी करू का?" तू म्हणालीस, "कुनी बघायचा आता?" आपण परत फिरलो.

कोल्हापूरच्या स्टेशनवर आबा आले होते. ते कधी कुणाला न्यायला गेल्याचं मला आठवत नाही. गाठोडं माझ्या हातातून घेऊन त्यांनी टांग्यात ठेवलं. "गुडघं?" त्यांनी विचारलं. "बरं हायत," तू म्हणालीस. टांगा बराच वेळ चालला. मग घोड्याच्या पाठीकडं बघत ते म्हणाले, "आनि त्यो?"

मी तुझ्याकडं बघितलं. तू पदर नीट केलास. "बरा हाय," म्हणालीस. "भट्टी चांगली चालतीया. एक पोरगी हाय."

आबा पेठेत शिरताना म्हणाले, "नाक कुनाचं हाय तिचं?"

"तुमचं."

त्या दिवशी आबा दोन भाकऱ्या जास्त जेवले. गल्लीतल्या बायका जमल्या, समुद्र कसा असतो म्हणून विचारायला लागल्या, आणि तू चाचांचं ऐकलेलं सगळं सांगितलंस, वाळू कशी निसटते तेसुद्धा. एकीनं विचारलं, रंकाळ्याएवढा हाय का? तू म्हणालीस, "रंकाळ्यासारखाच. पर पल्याड काय दिसत न्हाई." मी उठून परड्यात गेलो. मागाहून तुला विचारलं, आबांना असं का सांगितलंस? तू लसूण सोलत होतीस. "त्यांनी एकदा त्याच्या नावानं आंघोळ केलीया," तू म्हणालीस. "परत कशी करायला लावू?"

त्यामुळं तुला ना सुतक पाळता आलं, ना कुणाच्या गळ्यात पडता आलं. पंधरा दिवसांवर दिवाळी होती, तू करंज्या केल्यास. तुझ्या आमटीतलं मीठ मात्र तेव्हापासून कधी जमलं नाही. आबा न बोलता जेवायचे. दरवर्षी गुऱ्हाळ सुरू झालं की ते एक ढेप बाजूला काढायचे, चाचांचा मुलगा ती घाटाखाली न्यायचा आणि वहिनीला द्यायचा. "पोचला का?" आबा विचारायचे. "पोचला," तू म्हणायचीस. तू गेल्यावर ते म्हणायचं माझ्याकडं आलं. तू जाऊन बारा सालं झाली, आई. तुला हे अवघड जात असेल असं मला तेव्हा वाटायचं. किती अवघड, ते मी म्हणायला लागल्यावर समजलं.

आबा या उन्हाळ्यात गेले. डोळे आधीच गेले होते. दुपारची वेळ, मी त्यांच्यासाठी ताक घेऊन आत आलो. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. "थोरला आला का?" मी थांबलो. दोन दिवस ते मला त्याला बोलवायला सांगत होते आणि मी सांगावा धाडलाय म्हणत होतो. "व्हय," मी म्हटलं, "आलो." त्यांनी हात पुढं केला. माझं तोंड चाचपलं, कपाळ, गाल, हनुवटी. "लई वाळलास," म्हणाले. मग हात तसाच ठेवून म्हणाले, "त्या दिवशी आत येऊ द्यायला पायजे हुतं तुला. आईच्या पाया पडू द्यायला पायजे हुतं. चुकलं माझं, पोरा."

तुझ्या सुनेला मी सगळं त्यांच्या दिवसकार्यानंतर सांगितलं. तिनंच मग हा गोव्याचा बेत काढला. आधी वहिनीकडं उतरायचं, दादाच्या लेकीला भेटायचं, आणि मग तिलाच बरोबर घेऊन समुद्रावर जायचं, असं ती म्हणते. नातीला अजून ठाऊक नाही की तिला तिथं बहीण आहे, गाडीत सांगीन.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, दुकानातल्या फडताळात राहील. लिहिलं ते एवढ्याचसाठी, की आबांचे ते शब्द माझ्यासाठी नव्हते आणि माझ्यापाशी राहिलेत. तू दादाजवळ असशील तर त्याला सांग. आणि हेही सांग, की आबांचा हात माझ्या गालावर होता, मला दुसरं काही सुचलं नाही, आणि त्याला न विचारता मी त्याच्या वतीनं म्हटलं, "असू द्या, आबा."