फलाटामागचं आंब्याचं झाड

आई, तुझं ते स्टेशन बंद पडलंय. जमैकातल्या त्या खेड्यात बाबा दवाखाना चालवायचे, तेव्हा तरी ते स्टेशन कसलं होतं! उसाच्या शेतांमध्ये एक फलाट, एक बाकडं, वर पत्रा. गेल्या ईस्टरच्या सुट्टीत मी एकटीच जाऊन आले. रूळ गवतात बुडालेत, पत्रा उडालाय, बाकड्याचे नुसते लोखंडी पाय उरलेत. मला अजून दिसतं, त्याच बाकड्यावर तू बसली आहेस, मांडीवर धाकटी तापानं फणफणलेली, आणि मी तुझा पदर धरून उभी आहे. बाबांनी हात टेकलेत, म्हणून तिला शहरातल्या हॉस्पिटलात न्यायचंय आणि गाडी येत नाहीये. आली तेव्हा चढायचं कारणच उरलं नव्हतं.

इतक्या लहान जिवाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. बायकांनी तिकडे जायचं नाही, हेही आपल्यातलंच. स्टेशनमास्तरनं फलाटामागची जागा दिली. बाबा तिला घेऊन घरातून निघाले तेव्हा तू धुऊन ठेवलेली आंब्याची कोय त्यांच्या हातात दिलीस, तिच्यावर लावा म्हणालीस. ते परतल्यावर दारातच विचारलंस, लावली का? ते हो म्हणाले. त्या दिवशी तू आंबा सोडलास. खाईन तर तिच्या झाडाचाच, म्हणालीस. पुढे इंग्लंडात वॉटफर्डला आलो, तरी उन्हाळा आला की किचनच्या सिंकपाशी उभी राहून म्हणायचीस, आता धरला असेल. एकदा मी हौसेनं हापूसची पेटी आणली, तर माझ्यावरच रागावलीस. अख्खी पेटी शेजारी गेली.

फलाटामागे आंबा नव्हता गं. काटेरी झुडपं होती आणि कुणाची तरी बांधलेली शेळी. तोडला असेल कुणी, असं मी मनाशी धरलं. परत आल्यावर स्टॅनमोरच्या माझ्या घरून बाबांकडे गेले. आता ते फार थकलेत. झाड आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे, म्हटलं, मोठं झालंय, फळं लागलीत. फोटो मागितला, तर कॅमेऱ्याची बॅटरी संपली म्हणून सांगितलं. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

"अगं, मी कोय लावलीच नव्हती," म्हणाले. "माती लोटली आणि तसाच घरी आलो. तिनं विचारलं, मी यस म्हणून गेलो. कोट काढला तर कोय खिशात. परत तिथे जायची हिंमतच नाही झाली."

मला त्यांचा असा संताप आला, आई. तू पुन्हा आंब्याची चव न घेता गेलीस आणि हा माणूस समोर बसून बघत होता. बोलणार होते, खूप बोलणार होते. पण माझीही थाप त्यांनी तोवर ओळखली होती, म्हणून मुकाट्यानं कप विसळले.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे. तू आत्ता दारात उभी राहून विचारलंस ना, तर मीसुद्धा हेच सांगेन की झाड आहे.